खच्च

लुईस कॅरोलने १८७१ साली ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’मधल्या एका कवितेत राक्षसावर तलवार चालवली आणि तिच्या आवाजाला नाव दिलं: ‘स्निकर-स्नॅक’. वाटतं, ऐकलं तसं लिहिलं. पण या आवाजालाही आजोबा आहेत. डच भाषेत खुपसणं म्हणजे ‘स्टेकन’ आणि कापणं म्हणजे ‘स्नेइडन’. या जोडीपासून इंग्रजीत सुरामारीसाठी ‘स्निक-ऑर-स्नी’ झालं, आणि कॅरोलची तलवार त्याच घराण्यातली दिसते.

आपल्याकडे कूळ आहे ते हत्यारांना. करवत ‘करपत्रा’ची, कुऱ्हाड ‘कुठारा’ची, कात्री ‘कर्तरी’ची. आवाज मात्र बेवारस. पातं जिथे लागेल तिथे जन्मतात. गडचिरोलीत ओल्या बांबूवर कोयता तिरका बसला की ‘खच्च’. बांबू वाळलेला असला तर ‘खट्ट’, आणि मनगटापर्यंत झिणझिण्या. बुरूड बांबू चिरायला बसला की पहिलं पेर फाडकन उकलतं, पुढची तडतडत आपणच वाट देतात. घरात पावशीवर भेंडी ‘कचकच’. ‘सपासप’मध्ये तर मला कापणं ऐकूच येत नाही, नुसती हवा.

मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत असे शब्द -कन, -कर, -दिनी, -दिशी या शेपट्यांसकट नोंदवलेत. त्यातल्या मधल्या दोन आता गळाल्याच. आणि ‘खच्चीकरण’ या घरातलं नव्हे बरं. ते अरबी ‘खसी’वरून आलं. कापणं तिथेही आहे, पण तो योगायोग.

जंगलात हे आवाज पुरावाही होतात. कुऱ्हाडीचा घाव लांबवर ऐकू जातो, म्हणून सागवान चोरणारा करवत पसंत करतो. बांबूचं दुखणं वेगळं. १९२७ च्या वन कायद्याने त्याला झाडांत बसवलं, म्हणजे वनखात्याच्या ताब्यात. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज, म्हणजे गावाच्या हक्काचा, म्हटलं, तरी वाहतुकीचा पास वनखात्याच्याच हातात राहिला. गडचिरोलीतल्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाच्या ग्रामसभेला पासाचं पुस्तक मिळालं २७ एप्रिल २०११ ला. मग गावाने आपला बांबू आपल्या पासावर विकायला काढला, आणि ‘खच्च’ भर दुपारी, कुणाची चाहूल न घेता वाजू लागला.