रिकामा डबा परत येईपर्यंत

ठाणे, डोंबिवलीच्या घरांतून मुंबईच्या कचेऱ्यांत डबा जातो. भरलेला डबा वेळेवर पोचावा लागतो, तसाच रिकामा डबा संध्याकाळी घरी परतावा लागतो. नाहीतर उद्याचे जेवण भरायचे कशात? संगणकांच्या जाळ्यापुढेही हाच प्रश्न होता.

१९८० च्या दशकातील एएमडीच्या ‘लान्स’ या इथरनेट चिपसाठी मेमरीत नोंदींचे एक चक्र असे, जास्तीत जास्त १२८ नोंदींचे. प्रत्येक नोंदीत एका रिकाम्या जागेचा पत्ता आणि मालकी सांगणारा एक बिट. तो १ असेल तर जागा चिपची, ० असेल तर प्रोसेसरची. चिप आलेले पाकीट तिथे लिही आणि मग बिट ० करी. ड्रायव्हर ते उचलून जागा पुन्हा चिपच्या हवाली करी. सारा भरवसा या क्रमावर: आधी मजकूर, मग मालकी. क्रम उलटला तर अर्धवट मजकूर पूर्ण समजून वाचला जाई. रिकामी जागाच नसेल तर आलेले पाकीट बुडे.

१९९६ मध्ये जेफ्री मोगल आणि के. के. रामकृष्णन यांनी आणखी एक धोका मांडला. प्रत्येक पाकिटागणिक प्रोसेसरला हाक मारली, तर गर्दीत त्याचा सगळा वेळ ओ देण्यातच जातो आणि काम पुढे सरकत नाही. उपाय असा, की पहिल्या हाकेनंतर हाका थांबवायच्या आणि ठरावीक संख्येने पाकिटे उचलायची. लिनक्सनेही पुढे हीच वाट धरली.

चक्र मोठे केले की थोडी उसंत मिळते, एवढेच. जागा परत करण्याचा वेग कमी पडत राहिला, तर मोठे चक्रही भरतेच.