परभणी क्रांती : भेंडीतल्या एका उसन्या जनुकाची कुळकथा

भेंडीवर हळद्या येतो तेव्हा सुरुवात शिरांपासून होते. आधी बारीक शिरा पिवळ्या पडतात, मग जाड. मधला भाग काही दिवस हिरवाच राहतो, म्हणून पान उन्हात धरले की हिरव्या कापडावर पिवळे जाळे विणल्यासारखे दिसते. नंतर ते हिरवे तुकडेही मावळतात आणि शेंड्याची नवी पाने फुटतात तीच पिवळी. फळे आखूड, फिकट आणि राठ निघतात. बाजारात त्यांना कोणी विचारत नाही. उगवणीनंतर महिन्याभरात लागण झाली तर नव्वद टक्क्यांच्या आसपास उत्पन्न बुडते, दोन महिन्यांनी झाली तर जवळपास निम्मे, असे १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्री आणि सिंह यांच्या प्रयोगांतून दिसले. या रोगाला १९८०च्या दशकात मराठवाड्याने जे उत्तर दिले त्याचे नाव परभणी क्रांती. एका जिल्ह्याचे नाव देशभरच्या बियाण्याच्या पाकिटांवर नेणारा हा वाण. आज मात्र त्याचा विषय निघाला की ‘आता त्यावरही हळद्या येतो’ एवढ्यावर बोलणे संपते. हा निकाल मला उतावळा वाटतो. हा वाण जन्मला कसा हे नीट पाहिले तर त्याची ताकद का ओसरली हेही उमगते. आणि मग दोष वाणाच्या पदरात पडत नाही. एक जनुक हाती आला की काम झाले असे समजून थांबण्याच्या आपल्या सवयीकडे तो जातो.

रोगाचे मूळ आधी पाहू. त्याची पहिली लेखी नोंद आपल्याच मुलखातली आहे. कुलकर्णी यांनी १९२४ साली मुंबई इलाख्यातल्या पिकांवरच्या मोझॅक रोगांचे वर्णन केले, त्यात भेंडी होती. उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी १९४० साली त्याला ‘यलो व्हेन मोझॅक’ हे नाव दिले आणि तो विषाणूमुळे होतो हे मांडले. पुढे वर्मा यांनी १९५२ साली विषाणू आणि पांढरी माशी यांचे नाते तपशिलाने अभ्यासले. हा विषाणू बियाण्यातून पुढच्या पिकात जात नाही. रोगट पानाचा रस निरोगी पानावर चोळला तरी लागत नाही. शेतात त्याला पांढऱ्या माशीचीच वाट हवी. प्रयोगशाळेत कलम बांधूनही तो लावता येतो. माशीने रोगट झाडाचा रस शोषला की विषाणू तिच्या अंगात दीर्घकाळ राहतो आणि ती जिथे सोंड खुपसेल तिथे उतरतो. त्याच्या रचनेचे गूढ उलगडायला मात्र नवे शतक उजाडले. मदुराईच्या जोस आणि उषा यांनी २००३ साली दाखवले की हा बेगोमोव्हायरस गटातला विषाणू एकट्याने पूर्ण रोग घडवत नाही. त्याच्या सोबतीला त्याच्या निम्म्या आकाराचा डीएनएचा एक उपग्रह तुकडा लागतो. हा जोडीचा मामला पुढे कळीचा ठरतो.

परभणी क्रांतीच्या आधी पुसा सावनी होती. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंह आणि सहकाऱ्यांनी पुसा मखमली या वाणाचा पश्चिम बंगालमधून मिळालेल्या आयसी-१५४२ या नमुन्याशी संकर करून तो घडवला. १९६०च्या सुमाराला तो शेतांत पोचला. पावसाळी भेंडीला त्याने खरा आधार दिला आणि तो देशभर लोकप्रिय झाला. पण काही वर्षांतच त्याच्यावरही पिवळे जाळे दिसू लागले. त्याच्या सोशिकपणामागे दोन अप्रभावी जनुके असल्याचे त्याच्या निर्मात्यांनीच १९६२ साली मांडले होते. लागवडीच्या भेंडीच्या आपल्या गोतावळ्यात याहून भक्कम काही सापडत नव्हते, आणि त्यामुळे संशोधकांची नजर भेंडीच्या दूरच्या नातलगांकडे वळली.

परभणीला शेती संशोधनाची परंपरा निजामी राजवटीपासूनची. कृषी महाविद्यालय १९५६ सालचे, तर मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १८ मे १९७२ची. २०१३ साली त्याला वसंतराव नाईकांचे नाव मिळाले. या तरुण विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी पुसा सावनीचा संकर अॅबेलमॉस्कस मॅनिहॉट या वेगळ्या प्रजातीशी आणि तिच्या एका उपप्रजातीशी करून पाहिला. ज्या नातलगाचा वारसा परभणी क्रांतीत आला तो पश्चिम आफ्रिकेतल्या घानातून आलेला. कागदावर ‘संकर केला’ हे दोन शब्द. शेतात ते चिकाटीचे हातकाम असते. भेंडीचे फूल सकाळी उमलते, म्हणून आदल्या दुपारनंतर उद्या फुलणारी कळी हेरायची, तिच्या पाकळ्या काढायच्या, मधल्या दांड्याभोवती दाटून बसलेले पुंकेसर चिमट्याने खरवडून काढायचे, पण वरच्या जांभळट कुक्षींना धक्का लागू द्यायचा नाही. मग कागदी पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी परक्या फुलाचे पराग त्या कुक्षींवर टेकवायचे आणि पुन्हा पिशवी. एवढे करून फळ धरले, त्यातले बी उगवले, तरी त्या झाडाची गुणसूत्रे जुळत नाहीत. आपल्या बहुतेक भेंडीत १३० गुणसूत्रे असतात, दुसऱ्या प्रजातीचा हिशेब वेगळा. परिणामी पहिल्या पिढीची झाडे अर्धवट वांझ निघाली. दोघांनी गुणसूत्रे दुप्पट करून वांझपण घालवण्याचा मार्गही तपासला. पण त्या अर्धवट वांझ झाडांवर विषाणू चालत नव्हता, आणि मिळेल तेवढ्या बियांवर पुढच्या पिढ्या वाढवणे शक्य होते.

त्या पिढ्यांतल्या निरोगी आणि रोगट झाडांची मोजणी त्यांनी १९८१ साली ‘थिऑरेटिकल अँड अप्लाइड जेनेटिक्स’ या नियतकालिकात मांडली. प्रमाण सांगत होते की दोन्ही नातलगांतली प्रतिकारकता प्रत्येकी एकाच प्रभावी जनुकावर उभी आहे. पैदासकारासाठी हे वरदानच. जनुक एकच असल्याने पुन्हापुन्हा भेंडीशी संकर करून परकी राठ फळे, लव, उशिरा येणे हे सारे गाळता येते आणि तेवढा एक जनुक राखता येतो. प्रभावी असल्याने रोगाच्या वातावरणात झाड पाहताच निवड होते. याच रीतीने गर्द हिरव्या, गुळगुळीत, निमुळत्या फळांचा वाण उभा राहिला. १९८६ साली ‘हॉर्टसायन्स’मध्ये जांभळे आणि नेरकर यांनी त्याची जगाला ओळख करून दिली. नेरकर पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. भेंडीत परक्या प्रजातीचे रक्त मिसळले अशी कुरकुर कोणी करू शकेल. पण भेंडी स्वतःच मिश्र कुळातली आहे. जोशी आणि हरदास यांनी १९५६ साली दाखवले होते की तिच्या जननपेशीतल्या ६५ गुणसूत्रांपैकी २९ आपल्याकडच्या ट्यूबरक्युलेटस या रानजातीशी जुळतात. उरलेल्या ३६ गुणसूत्रांचा धनी काळ्या जमिनीत आढळणारी फिकुल्निअस ही रानभेंडी असावी, असा अंदाज आहे. म्हणजे परभणीच्या पिशव्यांत जे घडले ते निसर्गाने फार पूर्वी एकदा केलेच होते.

आता मुख्य आक्षेप. इतका भक्कम जनुक होता तर वाण ढासळला का? उत्तराचा एक भाग त्या जनुकाच्या एकटेपणातच आहे. विषाणूची लोकसंख्या अफाट असते, तिच्यात सतत बदल होतात आणि दोन विषाणू एकाच झाडात शिरले की त्यांचे तुकडे अदलाबदल होतात. एकच कुलूप देशभर लागले तर ते उघडणारा एखादा प्रकार लाखो झाडांवर मोकळा फिरतो. हे केवळ तर्कट नव्हे. भेंडीच्याच कुळातल्या कापसावर पाकिस्तानात हेच घडले. तिथे पानगुंडाळी विषाणूला दाद न देणारे वाण १९९०च्या दशकाअखेर आले आणि २००१ साली पंजाबातल्या बुरेवाला भागात दोन जुन्या विषाणूंच्या मिश्रणातून झालेल्या नव्या प्रकाराने ते भेदले. तोही बेगोमोव्हायरसच, आणि त्याच्याही सोबतीला उपग्रह. आपल्या भेंडीवर आज पिवळ्या शिरांशी निगडित भुवनेश्वर, हरियाणा, दिल्ली अशी नावे धारण करणारे वेगवेगळे विषाणू नोंदले गेले आहेत. १९८१ साली ज्या विषाणूविरुद्ध जनुकाची परीक्षा झाली, तो आजही तसाच, एकटाच शेतात आहे असे मानायला जागा नाही.

उत्तराचा दुसरा भाग बियाण्यात आहे आणि त्याकडे कमी लक्ष जाते. परभणी क्रांती हा सरळ वाण. त्याचे बी शेतकऱ्याला घरी धरता येते, आणि ही त्याची मोठी सोय. पण मधमाश्यांमुळे भेंडीत परपरागीकरणही बऱ्यापैकी होते. म्हणून प्रमाणित बियाण्याच्या शेताला दुसऱ्या भेंडीपासून २०० मीटर आणि पायाभूत बियाण्याला ४०० मीटर अंतर सांगितले आहे. शेजारी पुसा सावनी किंवा गावठी भेंडी असेल तर घरच्या बियाण्यात काही संकर दाणे येतात. ती झाडे निरोगीच दिसतात, कारण जनुक प्रभावी आहे. पण त्यांच्या पुढच्या पिढीत चारातले एक झाड उघडे पडते. प्रत्येक हंगामात अशी थोडी रोगट झाडे उभी राहिली की माशीला विषाणूचा साठा शेतातच मिळतो. तेव्हा वाणाचे अपयश म्हणून जे मोजले जाते, त्यात शुद्ध बियाण्याच्या अभावाचा वाटा किती, हा प्रश्न विचारायलाच हवा. यातून मी विषाणूच्या बदलाला दोषमुक्त करत नाही. शुद्ध बियाण्यावरही रोग आलेला आहे.

‘मग माशीच मारा’ असे कोणी म्हणेल. पण थोडा वेळ सोंड टेकवली तरी विषाणू झाडात जातो. औषधाने माशी मरेपर्यंत तिचे काम झालेले असते. शिवाय मराठवाड्यात शेजारच्या कपाशीवर तिचे आगर असते, एका शेतातली फवारणी तिला पुरी पडत नाही. भेंडीची तोडणी सुरू झाली की एक-दोन दिवसाआड होते. फवारणी आणि तोडणी यांत अंतर ठेवायला जागाच उरत नाही. भारतातून येणाऱ्या भेंडीवर युरोपीय संघाने कीडनाशकांच्या अंशांसाठी वाढीव तपासणी लावली. पिवळे चिकट सापळे, रोगट झाड दिसताच उपटणे, बांधावरचे तण काढणे यांनी फैलाव मंदावतो, आणि प्रतिकारक वाण हाताशी असेल तेव्हाच या उपायांना खरे बळ येते.

राहिला शेवटचा आक्षेप, की आता बाजार खासगी संकरित बियाण्याचा आहे, तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीच्या सरकारी वाणाची वंशावळ कशाला उगाळायची. पण संकरित भेंडीवरही हळद्या दिसतो आणि त्याच्या जोडीला पाने वळवणारा, शिरांवर गाठी आणणारा दुसरा विषाणूही. या वाणांतली प्रतिकारकता कोणत्या नातलगाकडून, किती जनुकांतून आली हे पाकिटावर लिहिलेले नसते. परभणी क्रांतीबाबत ते छापील आणि सर्वांसाठी खुले आहे. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने अर्का अनामिका घडवताना टेट्राफिलस या रानभेंडीचा वेगळा स्रोत घेतला, आणि तेही असेच नोंदलेले आहे. एकापेक्षा अधिक स्रोतांचे जनुक एकाच भेंडीत रचायचे तर आधी कोणते जनुक कुठून आले हे ठाऊक असावे लागते. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या अकोला केंद्रात भेंडीचे नमुने सांभाळलेले आहेत. परभणीहून अकोला फार दूर नाही. अर्धवट वांझ पहिल्या पिढीचा अडथळा आजही तसाच आहे, आणि तो ओलांडण्याचा एक मार्ग जांभळे-नेरकरांनी आधीच आखून दिलेला आहे.