टॉप्फरच्या स्वप्रकाशित चित्रकथा : स्वातंत्र्य आणि त्याचे मोल

चित्रकथेच्या उगमाचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा १८९५ नंतरच्या अमेरिकन वृत्तपत्रांकडे वळते, आणि चित्रकथा हे वृत्तपत्रव्यवसायाचे अपत्य होय, असा समज त्यातून दृढ होतो. तथापि त्यापूर्वी सुमारे साठ वर्षे जिनीव्हा येथील एका शाळाचालकाने आपल्या चित्रकथा स्वतः रेखाटून स्वतःच प्रकाशित केल्या होत्या. ह्या गृहस्थाचे नाव रोदॉल्फ टॉप्फर (१७९९–१८४६). त्याच्या उदाहरणावरून स्वतंत्र व्यंगचित्रकाराला स्वप्रकाशनापासून काय लाभते व त्याबद्दल त्याला काय द्यावे लागते, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

टॉप्फरचे वडील चित्रकार होते. परंतु नेत्रविकारामुळे पुत्रास चित्रकलेचा व्यवसाय सोडावा लागला. त्याने विद्यार्थ्यांसाठी वसतिशाळा काढली, आणि १८२७ पासून त्यांच्या व मित्रांच्या मनोरंजनासाठी तो चित्रमय कथा रचू लागला. ही हस्तलिखिते १८३० च्या अखेरीस जर्मन महाकवी गटे ह्याच्या पाहण्यात आली व त्याने त्यांची प्रशंसा केली. तरीही टॉप्फर कचरत होता. १८३२ मध्ये तो जिनीव्हाच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला होता, आणि असल्या विनोदी चित्रांनी पदाच्या प्रतिष्ठेस बाध येईल, ही भीती त्याला वाटे. 'मस्यो जाबो' हे पुस्तक १८३३ मध्ये छापून झाले. पण लोकांच्या हाती पडले ते १८३५ मध्ये.

ह्या पुस्तकाची छपाई विशेष लक्षणीय आहे. शिळेवर प्रत्यक्ष लिहावयाचे तर अक्षरे उलटी काढावी लागतात. टॉप्फरने खास तयार केलेल्या कागदावर स्निग्ध शाईने सुलट लिहून ते शिळेवर उतरविण्याची रीत स्वीकारली. परिणामी चित्राची रेषा व त्याखालील मजकूर एकाच लेखणीतून उतरले. मध्ये ना कोरणारा कारागीर, ना खिळे जुळविणारा. छायाप्रकाशाची सूक्ष्मता ह्या रीतीत साधत नसे. परंतु त्या उणिवेतूनच त्याची चपळ, मोजकी रेषा घडली. मराठी वाचकास शिळाछाप अपरिचित नाही. ह्याच सुमारास, १८३१ मध्ये, मुंबईत गणपत कृष्णाजी ह्यांनी शिळाछापावर मराठी पंचांग काढले. आपल्याकडील शिळाछाप पोथ्यांतही हस्ताक्षराचे वळण टिकून राही. पण ते बहुधा लेखनिकाचे असे. टॉप्फरच्या पुस्तकात लेखनिक, चित्रकार व ग्रंथकार हे तिघेही एकच होते.

ह्या स्वातंत्र्याचे मोल मात्र त्याला लवकरच चुकवावे लागले. १८३९ मध्ये पॅरिसच्या ओबेर ह्या प्रकाशनसंस्थेने त्याची तीन पुस्तके दुसऱ्याच्या हातून पुन्हा रेखाटून घेऊन विक्रीस आणली. त्यास प्रतिबंध करणारा करार त्या काळी फ्रान्स व जिनीव्हा यांच्यात नव्हता. टॉप्फरपाशी उपाय उरला तो लेखणीचाच: त्याच वर्षी त्याने 'व्ह्य ब्वा' ही कथा वाढवून, नव्याने रेखाटून पुन्हा छापली. इकडे पॅरिसच्या नकलेवरून लंडनमध्ये इंग्रजी आवृत्ती निघाली, आणि १८४२ मध्ये तीच न्यूयॉर्कच्या 'ब्रदर जोनाथन' ह्या साप्ताहिकाच्या पुरवणीरूपाने अमेरिकेत पोहोचली. म्हणजे पुढे जो देश चित्रकथेचे माहेर मानला गेला, तेथे ती प्रथम आली ती नकलेची नक्कल होऊन.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १८४५ मध्ये त्याची 'मस्यो क्रिप्तोगाम' ही कथा पॅरिसच्या 'लिल्युस्त्रास्यों' ह्या साप्ताहिकात रीतसर प्रसिद्ध झाली. ह्यात चोरी नव्हती. परंतु लाकडी ठशांसाठी चित्रे शाम ह्या व्यंगचित्रकाराने नव्याने काढली. वाचकवर्ग विस्तारला, पण ग्रंथकाराची मूळ रेषा तेथे राहिली नाही.

सारांश, स्वतः छापले तर रेषा आपली राहते, पण बाजार हाती राहत नाही. व्यवसायाच्या आश्रयास गेले तर बाजार मिळतो, पण रेषा हातची जाते. आज छायाप्रत-यंत्रावर आपली पुस्तिका काढून ती स्वतः विकणाऱ्या चित्रकारापुढेही हाच पेच उभा आहे. अशा पुस्तिकांना चित्रकथेच्या इतिहासात तळटीपेचे स्थान देण्याची प्रथा आहे. वस्तुतः त्या इतिहासाचा आरंभच अशा पुस्तिकेने झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे ही प्रथा सोडून द्यावी लागेल.