नाग
नाग : एलापिडी कुलातील विषारी साप. शास्त्रीय नाव नाजा नाजा. लांबी साधारण १ ते १.५ मी. डिवचल्यास मानेच्या फासळ्या ताणून फणा काढतो. फण्यामागे दहाच्या आकड्यासारखी खूण असते. उंदरांच्या मागावर घरात, कडब्याच्या गंजीत शिरतो. वाट मोकळी असली तर फुत्कारून निसटतो. (नागपंचमीचे दूध हे त्याचे अन्न नव्हे.) विष मज्जासंस्थेवर चालते : पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते, गिळवत नाही, अखेर श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. दंशाची जागा सुजून काळवंडते. घोड्याच्या रक्तापासून बनवलेले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर लागू पडते. मांत्रिकाकडे दवडलेला वेळ मात्र पुष्कळदा जिवावर बेततो.