मधल्या पानाची कुळकथा

शब्दकोशात शब्द शोधताना कुणी पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. मधलं पान उघडायचं, शब्द त्याच्या आधी आहे की नंतर ते पाहायचं आणि अर्धा कोश बाजूला सारायचा. संगणकातल्या ‘बायनरी सर्च’चं मूळ हेच. क्रमाने लावलेल्या शंभर कोटी नोंदींतून हवी ती नोंद जास्तीत जास्त तीस तुलनांत हाती लागते. जॉन मॉकली यांनी १९४६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मूर स्कूलमधल्या व्याख्यानात ही युक्ती सांगितली. पण नोंदी कितीही असल्या तरी बिनचूक चालणारी रीत छापून यायला १९६० उजाडलं, ती डी. एच. लेहमर यांची. युक्ती सुचायला हुशारी पुरते, ती काठाकोपऱ्यांसह बरोबर उतरवायला गणित लागतं, हे त्या चौदा वर्षांनी दाखवून दिलं.

हे गणित रॉबर्ट फ्लॉइड यांनी १९६७ साली आणि टोनी होअर यांनी १९६९ साली मांडलं. शोधाच्या प्रत्येक फेरीत खरं राहील असं एक विधान आधी ठरवायचं. इथे ते असं : नोंद यादीत असेल, तर ती उरलेल्या भागाच्या दोन टोकांवरच्या, डाव्या आणि उजव्या, खुणांच्या मध्येच आहे. फेरीआधी ते खरं असलं, फेरीनंतरही खरं राहिलं आणि खुणांमधलं अंतर दर वेळी घटलं, की उत्तर चुकत नाही. जॉन बेंटली यांनी १९८६च्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’मध्ये याच पद्धतीने बायनरी सर्च बिनचूक असल्याचं सिद्ध करून दाखवलं.

यावर आक्षेप ठरलेला आहे : मग जोशुआ ब्लॉक यांनी जावा भाषेच्या लायब्ररीत बेंटलींच्या वाटेने लिहिलेल्या बायनरी सर्चमध्ये चूक कशी राहिली, जी त्यांनी स्वतःच २००६ साली जाहीर केली? चूक मधलं स्थान काढण्यात होती : त्यासाठी दोन्ही खुणांची बेरीज निम्मी केली जायची. खुणा १२० कोटी आणि १३० कोटींवर असतील तर बेरीज २५० कोटी होते. ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ च्या पुढची संख्या मावत नाही, म्हणून बेरीज उणे होते. सिद्धतेने पूर्णांक अमर्याद धरले होते, यंत्रातले मर्यादित होते. उणीव होती ती हे गृहीतक न तपासण्याची. नुसत्या चाचण्यांवर भिस्त ठेवावी, तर शंभर कोटींहून मोठी यादी घेतल्याशिवाय ही चूक दिसतच नाही. म्हणूनच ती वर्षानुवर्षं लपून राहिली. दुरुस्ती मात्र एका ओळीची : दोन्ही खुणांची बेरीज न करता त्यांच्यातल्या अंतराचं अर्ध डाव्या खुणेत मिळवायचं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने आपलं विधान आणि आपली गृहीतकं कोडच्या आधी कागदावर मांडावीत. त्यासाठी लागणारा वेळ हा कामाचाच भाग आहे.