औद्योगिक विज्ञानातील स्त्रिया : शहापूर-मुरबाड परिसर

औद्योगिक विज्ञानातील स्त्रिया : कारखान्यातील प्रयोगशाळा, संशोधन-विकास विभाग, गुणवत्ता नियंत्रण आणि प्रत्यक्ष उत्पादन यांत विज्ञानाच्या किंवा औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणावर काम करणाऱ्या स्त्रिया. प्राध्यापिकेपेक्षा त्यांची वाटचाल वेगळी असते. बढती केवळ पदवीवर मिळत नाही. पाळी, परवाना आणि कारखान्यापर्यंतचा रस्ता यांचाही तीत वाटा असतो. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील शहापूर व मुरबाड तालुक्यांत या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

परिसर : कल्याण, अंबरनाथ आणि डोंबिवली हा रसायन व रेयॉन उद्योगांचा जुना पट्टा. त्याच्या पलीकडे मुरबाडला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. शहापूर तालुक्यात वासिंदला पोलादाचा कारखाना असून आसनगाव-आटगावच्या बाजूला लहानमोठे उद्योग आहेत. शिवळे येथील महाविद्यालयामुळे मुरबाडच्या मुलींना तालुक्यातच विज्ञान शाखेचे शिक्षण घेता येते. प्रश्न पुढचा असतो. आसनगाव, वासिंद ही गावे कसारा लोकलच्या मार्गावर आहेत. मुरबाडला मात्र रेल्वे नाही. टोकावडे, धसई, किन्हवली, डोळखांब अशा गावांतून निघणाऱ्या मुलीची भिस्त एसटीवर किंवा जीपवर असते.

कामाचे स्वरूप : रसायनशास्त्राच्या पदवीधर मुलीला बहुधा गुणवत्ता नियंत्रण विभागात पहिली नोकरी मिळते. कच्चा माल आला की ड्रममधून नमुना काढायचा, त्याची ओळख पटवायची, आर्द्रता आणि शुद्धता तपासायची. औषधाची गोळी किती वेगाने विरघळते हे तपासताना ती ३७ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या, ढवळत्या द्रवात ठेवतात आणि ठरलेल्या मिनिटाला नमुना उचलावा लागतो. ती वेळ चुकली तर चाचणी वाया जाते. लॉगबुकात आकडा चुकला तर खाडाखोड चालत नाही. मूळ आकडा वाचता येईल अशी एकच रेघ त्यावर मारायची आणि शेजारी दुरुस्ती, सही, तारीख. तिच्या अहवालाशिवाय बॅच कारखान्याबाहेर जात नाही. औषध कारखान्यांत हा विभाग उत्पादन विभागापासून स्वतंत्र असावा, असा नियमच आहे. जबाबदारी मोठी आहे, पण कारखान्याच्या वरच्या जागांकडे जाणारा रस्ता बहुधा उत्पादनातून जातो.

पूर्वपीठिका : या वाटेवरचे महाराष्ट्रातील ठळक नाव कमला सोहोनी (माहेरच्या भागवत) यांचे. १९३३मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत. तेव्हा वर्षभर परीक्षाधीन राहण्याच्या अटीसह त्यांना प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिजला त्यांनी वनस्पतींतील सायटोक्रोम सी या विषयावरील कामासाठी १९३९मध्ये पीएच.डी. मिळवली. मुंबईच्या विज्ञान संस्थेत अध्यापन करताना त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले. त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पाच्या कारखान्याला त्यांनी दुधाच्या प्रतीविषयी सल्ला दिला. एवढे कर्तृत्व असूनही मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांना सुमारे चार वर्षे उशिरा मिळाले.

उद्योगाचे दार उघडायलाही वेळ लागला. १९७४मध्ये टाटा समूहातील पुण्याच्या टेल्को कंपनीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते. सुधा कुलकर्णी (पुढे मूर्ती) यांनी थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहिले. मुलाखतीचे बोलावणे आले आणि त्या कंपनीतील पहिल्या स्त्री अभियंता ठरल्या.

विवाह आणि नोकरी : मुंबईच्या इंटरनॅशनल फ्रँचायझेस या औषध कंपनीत एका विभागातील अविवाहित स्त्रियांनी लग्न झाले की नोकरी सोडावी, असा नियम होता. विवाहित स्त्रियांच्या रजा वाढतात, असे कंपनीचे म्हणणे. बॉम्बे लेबर युनियनने हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १९६५मध्ये न्यायालयाने नियम रद्द ठरवला. बाळंतपणाच्या रजेसाठी राखीव माणसे ठेवता येतात, हा त्यामागील साधा विचार होता.

पाळी आणि परवाना : कारखाना अधिनियम, १९४८च्या कलम ६६ने स्त्रियांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळेत कामाची मुभा दिली. राज्य सरकारला ही मर्यादा शिथिल करता येई, तरी रात्री १० ते पहाटे ५ ही वेळ बंदच. रात्री ११ला सुटणारी सेकंड शिफ्टसुद्धा त्यामुळे हातची गेली, मग नाईटची गोष्टच नको.

याचा परिणाम केवळ हजेरीपटापुरता राहत नाही. औषधाच्या उत्पादनावर देखरेख करणाऱ्या तज्ज्ञाला अन्न व औषध प्रशासनाची मान्यता लागते आणि त्याचे नाव परवान्याशी जोडलेले असते. औषध नियम, १९४५ नुसार रसायनशास्त्र मुख्य विषय असलेल्या विज्ञान पदवीधराला त्यासाठी औषधनिर्मितीतील किमान ३ वर्षांचा, तर औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीधराला १८ महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव हवा. तिन्ही पाळ्यांत चालणाऱ्या उत्पादनात जिला घेतलेच नाही, तिच्या खात्यात हा अनुभव जमणार कसा? कागदावर मान्यतेची अट स्त्री-पुरुषांना एकच आहे. पाळीची बंदी मात्र एकीलाच होती आणि तिने मान्यतेचीही वाट अडवली.

डिसेंबर २०००मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वसंता आर. खटल्यात रात्रीची ही बंदी घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्राने २०१५मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. २०२०ची व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाली. आता स्त्रीची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था असेल तर तिला रात्रपाळीत काम करता येते.

मातृत्व : २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. पुण्याच्या मायलॅब या कंपनीत मीनल दाखवे-भोसले यांच्या चमूने कोविड-१९च्या चाचणीचा संच सुमारे ६ आठवड्यांत तयार केला. १८ मार्च २०२० रोजी तो राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडे तपासणीला दिला. दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. या जिद्दीचे कौतुक देशभर झाले आणि ते रास्तच होते. पण अशी धावपळ हा स्त्री वैज्ञानिकाच्या निष्ठेचा मापदंड होता कामा नये. रजेवरून परतल्यावर तीच जागा आणि तोच प्रकल्प मिळणे हा तिचा हक्क असायला हवा. मध्ये खंड पडलेल्या स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३मध्ये महिला वैज्ञानिक योजना सुरू केली; तिच्या एका शाखेत पेटंटविषयक कामाचे प्रशिक्षण मिळू लागले.

तक्रार निवारण : लैंगिक छळ प्रतिबंधक अधिनियम, २०१३ नुसार १० वा अधिक कर्मचाऱ्यांच्या ठिकाणी अंतर्गत समिती लागते. त्याहून लहान कारखान्यातील स्त्रीची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. टोकावड्याहून ठाणे गाठायचे म्हणजे दिवसाचा पगार बुडणार. ग्रामीण भागासाठी कायद्यात यावर तरतूद आहे : प्रत्येक तालुक्यात एक समन्वय अधिकारी नेमायचा आणि त्याने आलेली तक्रार ७ दिवसांत समितीकडे पाठवायची. शहापूर व मुरबाडच्या स्त्रियांना म्हणूनच ही तक्रार तालुक्याच्या गावीच देता येते.