आशियाई भाषांतील डॉक्टरेट आणि प्रवेशाची पात्रता

विद्यापीठीय संशोधनाचा इतिहास बहुधा पूर्ण झालेल्या प्रबंधांवरून लिहिला जातो. संशोधनाच्या आरंभी विद्यार्थ्याकडून कोणती पात्रता मागितली गेली, आणि कोणते ज्ञान पात्रता म्हणून गणलेच गेले नाही, हा प्रश्न सहसा मागे पडतो. वस्तुतः एखाद्या विद्याशाखेची स्वतःविषयीची कल्पना तिच्या प्रवेशाच्या अटींत जितकी स्पष्ट दिसते, तितकी अन्यत्र क्वचितच दिसते. आशियाई भाषा व वाङ्मय या विषयांत तर हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. कारण तेथे अभ्यासविषय असलेली भाषा, अध्यापनाची व लेखनाची भाषा आणि विद्यार्थ्याची स्वतःची भाषा या तिन्ही पुष्कळदा भिन्न असतात.

आज ज्याला डॉक्टरेटचा ‘अभ्यासक्रम’ म्हणतात तो एकोणिसाव्या शतकातील जर्मनीत नव्हता. बॉन येथे १८१८ साली ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेल यांची आणि बर्लिन येथे १८२१ साली फ्रांझ बॉप यांची नेमणूक झाल्यानंतर संस्कृतच्या अध्ययनास तेथे स्थिर पीठे लाभली. परंतु विद्यार्थी विभागाकडे नव्हे, गुरूकडे जात असे. काही सत्रे व्याख्याने ऐकावयाची, परिसंवादात पाठ लावावयाचे, प्रबंध सादर करावयाचा आणि अखेरीस तोंडी परीक्षा द्यावयाची, असा हा क्रम होता. लॅटिन व ग्रीक यांची शालेय बैठक गृहीत धरलेली असे. अमेरिकेनेही प्रारंभी हीच परंपरा स्वीकारली. येल येथे १८५४ पासून संस्कृत शिकविणारे विल्यम ड्वाइट व्हिटनी यांचे शिक्षण बर्लिनला वेबर आणि ट्यूबिंगेनला रोट यांच्या हाताखाली झालेले होते. व्हिटनींचे शिष्य चार्ल्स रॉकवेल लान्मन १८८० मध्ये हार्वर्डला आले.

या व्यवस्थेत महाराष्ट्रातून जाणाऱ्या विद्यार्थ्याचे स्थान काय होते? विष्णु सीताराम सुखटणकर यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. केंब्रिज येथे गणिताचा अभ्यास करून ते बर्लिनला हाइनरिख ल्यूडर्स यांच्याकडे गेले. शाकटायनाच्या व्याकरणावरील त्यांचा प्रबंध जर्मन भाषेत लिहिलेला असून तो १९२१ साली प्रसिद्ध झाला. ल्यूडर्स यांनी १९०८ मध्येच महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा एक मुद्रित नमुना सिद्ध केला होता. पुढे १९२५ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील महाभारत-संपादनाची सूत्रे सुखटणकरांकडे आली, तेव्हा बर्लिनमधील पाठचिकित्सेची शिस्त पुण्यात फलद्रूप झाली. प्रवेशाच्या अटी ज्यांना पूर्ण करता आल्या, त्यांच्या बाबतीत ही पद्धती किती उपकारक ठरली याचे हे उत्तम निदर्शक होय.

परंतु त्या अटींच्या बाहेर राहिलेल्या ज्ञानाचे काय झाले, हे पाहण्यासाठी धर्मानंद कोसंबी यांच्याकडे वळले पाहिजे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या कोसंबींना विद्यापीठाची कोणतीही पदवी नव्हती. त्यांनी काशीस संस्कृतचे अध्ययन केले, सिंहलद्वीपात भिक्षूंच्या सहवासात पालीचे अध्ययन केले, पुढे ब्रह्मदेशातही वास्तव्य केले. हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स हॉटन वुड्स हिंदुस्थानात आले असता त्यांनी कोसंबींकडे पालीचे पाठ घेतले. त्या परिचयातूनच १९१० साली कोसंबी हार्वर्डला गेले. हेन्री क्लार्क वॉरन हे १८९९ मध्ये निवर्तल्यामुळे बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाची त्यांनी आरंभिलेली आवृत्ती अपुरी राहिली होती. ती पूर्णत्वास नेण्याचे काम कोसंबींकडे आले.

येथे एक विसंगती नजरेस येते. ज्या विद्यापीठात पाली विषयाच्या डॉक्टरेटसाठी विद्यार्थी प्रवेश घेत, तेथे पाली ग्रंथाचा पाठ निश्चित करण्यासाठी पदवी नसलेल्या पंडिताची आवश्यकता भासली. डॉक्टरेटच्या प्रवेशासाठी लागणारी कागदोपत्री पात्रता त्याच्यापाशी नव्हती. परंतु त्या पात्रतेच्या योगे जे ज्ञान शेवटी मिळवावयाचे, ते त्याच्यापाशी होते. मुखपृष्ठावर कोणाचे नाव कोणत्या प्रकारे यावे यावरून लान्मन आणि कोसंबी यांच्यात मतभेद झाला आणि कोसंबी १९१२ मध्ये परतले. त्यानंतरही ते अनेकदा हार्वर्डला गेले. तथापि हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेतील ही आवृत्ती १९५० साली बाहेर पडली, तेव्हा त्यांना निधन पावून तीन वर्षे झाली होती. संपादक म्हणून वॉरन यांचे आणि संशोधक-संस्कारक म्हणून कोसंबींचे नाव तीवर आहे. त्याआधी १९४० मध्ये कोसंबींनी स्वतःची देवनागरी आवृत्ती मुंबईहून प्रसिद्ध केली होती.

हा वाद केवळ दोन व्यक्तींच्या स्वभावाचा मानणे पुरेसे होणार नाही. पारंपरिक पंडिताचे ज्ञान हे संशोधनाचे साधन आहे की संशोधनच आहे, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. पदवी ही त्या काळी या प्रश्नाचे उत्तर देण्याची सोपी रीत झाली होती. पदवीधर तो संशोधक आणि पंडित तो साहाय्यक, अशी विभागणी कोणी लेखी नियमाने केली नसली तरी प्रवेशाच्या व्यवस्थेतून ती आपोआप घडत असे.

या कथेचा उत्तरार्ध पुण्यात घडला. अमेरिकेहून परतल्यावर कोसंबींनी फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन केले. त्यांच्या शिष्यांपैकी पुरुषोत्तम विश्वनाथ बापट पुढे हार्वर्डला गेले आणि १९३२ साली तेथील डॉक्टरेट मिळवून परतले. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ यांची तुलना. उपतिस्साच्या नावावर असलेला पहिला ग्रंथ सहाव्या शतकाच्या आरंभी संघपालाने केलेल्या चिनी भाषांतरातून उपलब्ध होता. म्हणजेच गुरूने ज्या ग्रंथाच्या पाठासाठी आयुष्य वेचले, त्याच ग्रंथावर शिष्याने चिनी भाषेची जोड देऊन नवा प्रकाश टाकला. १९३७ मध्ये हा प्रबंध पुण्यातून प्रकाशित झाला. गुरूला जो उंबरठा विद्यार्थी म्हणून कधी ओलांडावा लागला नाही, आणि ओलांडावयाचा म्हटले तर ज्याची अट पुरी नव्हती, तो शिष्याने ओलांडला. पण त्याच्या शिदोरीतील पाली ही गुरूकडूनच आलेली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्रवेशाची भाषिक अट दुसऱ्या अंगाने बदलली. तोवर पाश्चात्त्य विद्यापीठांत प्राच्यविद्या म्हणजे प्रामुख्याने अभिजात भाषा. जिवंत भाषा गौण. झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील, १९२० साली प्रसिद्ध झालेला फ्रेंच ग्रंथ हा या बाबतीत मोठा अपवाद. पेनसिल्व्हानिया विद्यापीठात डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये दक्षिण आशियाच्या अध्ययनाचा विभाग सुरू झाला. रशियाने १९५७ मध्ये स्पुतनिक सोडल्यानंतर अमेरिकेत १९५८ चा राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला आणि त्यातून जिवंत आशियाई भाषा शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. प्रेरणा राजनैतिक होती, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु तिचा परिणाम विद्येवर झाला. १९६१ साली स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे पहिले कार्यालय पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात होते. मराठी शिकून मराठी साधनांवर प्रबंध लिहिणे आता शक्य झाले. एलिनॉर झेलियट यांनी डॉ. आंबेडकर व महार चळवळ या विषयावर पेनसिल्व्हानिया येथे १९६९ मध्ये डॉक्टरेट मिळविली, ती याच परिस्थितीत.

त्याच विद्यापीठातून १९७६ मध्ये डॉक्टरेट मिळविलेल्या अ‍ॅन फेल्डहाउस यांनी महानुभाव वाङ्मयावर दीर्घकाळ काम केले. प्राचीन मराठीचा त्यांचा कोश १९९९ साली प्रसिद्ध झाला, त्यावर शं. गो. तुळपुळे आणि फेल्डहाउस या दोघांचीही नावे संपादक म्हणून आहेत. १९१२ मधील मतभेद आणि १९९९ मधील हे मुखपृष्ठ एकापुढे एक ठेवली असता एका शतकातील अंतर ध्यानात येते. तुळपुळे हे अर्थात पंडितही होते आणि विद्यापीठाचे प्राध्यापकही. यामुळे ही तुलना पूर्ण समान भूमीवरची नाही. तरीही भाषेचे सखोल ज्ञान हेच संशोधन होय, ही मान्यता त्या मुखपृष्ठावर उमटली आहे.

आज अमेरिकेतील अशा विभागांकडे अर्ज करणाऱ्याकडून संशोधनाचे उद्दिष्ट सांगणारे निवेदन, लेखनाचा नमुना, शिफारसपत्रे आणि भाषिक तयारीचा तपशील सामान्यतः मागितला जातो. यांतील शेवटची बाब मराठी विद्यार्थी कधी अल्प लेखतात. मराठी मातृभाषा आहे, एवढे लिहिले की झाले, असे त्यांना वाटते. परंतु मातृभाषा ही केवळ सामग्री आहे. लीळाचरित्राची भाषा वाचता येणे, मोडी कागद उलगडता येणे, पाठभेदांचा निर्णय कारणांसह देता येणे, ही पात्रता होय आणि ती उपजत लाभत नाही. कोसंबींची पाली त्यांची मातृभाषा नव्हती; ती त्यांनी देशोदेशी हिंडून मिळविली होती.

कोसंबींच्या प्रसंगातून विभागांनीही काही शिकावयाचे आहे. प्रवेशाच्या अटी आखताना ज्ञान कोणत्या पदवीतून आले याची चौकशी अवश्य व्हावी. पण ते ज्ञान प्रत्यक्ष आहे की नाही, हे पाहण्याची सोयही त्या अटींत असावी. बापटांनी ओलांडलेला उंबरठा कोसंबींच्या हाताने तयार झालेला होता. पुढच्या पिढीतील एखादा कोसंबी त्याच उंबरठ्याबाहेर उभा असेल, तर त्याला ओळखण्याची दृष्टी विभागापाशी असणे हीच त्या विभागाची खरी पात्रता होय.